बंद न पडलेल्या अनुदानाचा शोध : एका निराधार लाभार्थी महिलेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातील एका कोरडवाहू तालुक्यातले आहे. संबंधित महिलेची ओळख पटू नये म्हणून गाव, बँका आणि व्यक्ती यांची नावे येथे दिलेली नाहीत. आमच्या मदतकक्षात सगळे त्यांना मावशी म्हणत असत, तेच संबोधन या लेखात ठेवले आहे. आमचा मदतकक्ष म्हणजे बाजाराच्या दिवशी तहसील कार्यालयाजवळच्या एका खोलीत बसणारे आम्ही तिघे जण. अर्ज लिहून देणे, कागद तपासणे आणि गरज पडल्यास सोबत कार्यालयात जाणे एवढेच आमचे काम आहे.

मावशींचे वय ५८ वर्षे आहे. पती वारले तेव्हा मुलगा शाळेत होता. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून मासिक अनुदान मंजूर झाले, ज्याला गावात कोणीही अनुदान न म्हणता 'निराधारचा पगार' म्हणतात. १९८० पासून राज्यात चालू असलेल्या या योजनेत विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, अनाथ मुले आणि दुर्धर आजाराचे रुग्ण अशा ६५ वर्षांखालील निराधारांना लाभ मिळतो, तर ६५ नंतर लाभार्थी श्रावणबाळ योजनेकडे वर्ग होतो. मावशींना आधी ६०० रुपये मिळत, पुढे १,००० झाले आणि जुलै २०२३ पासून १,५०० झाले. मुलगा आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तेव्हापासून उन्हाळ्यापर्यंत नातू शाळेसाठी आजीजवळ राहतो. प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर आजी आणि नातू अशी दोन नावे असल्याने माणशी पाच किलोप्रमाणे दहा किलो धान्य मिळते. खुरपणी आणि कापूस वेचणी असेल तेव्हा मजुरी मिळते. तेलमीठ, दवाखाना आणि वह्या हा खर्च मात्र निराधारच्या पगारावरच चालत होता.

हा पगार ज्या सहकारी बँकेच्या शाखेत जमा होत असे, ती शाखा ११ किलोमीटरवरच्या बाजाराच्या गावी आहे. तहसील कार्यालय लाभार्थ्यांची यादी आणि रकमेचा धनादेश बँकेकडे पाठवी, आणि बँक यादीतील खाते क्रमांकांप्रमाणे पैसे टाकी. पैसे उशिरा येत, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम येत, पण येत तिथेच.

अडचण

२०२५ च्या जानेवारीत मावशी बँकेत गेल्या तेव्हा पासबुकात नवी नोंद नव्हती. फेब्रुवारीत आणि मार्चमध्येही नव्हती. बँकेत सांगण्यात आले की वरूनच पैसे आलेले नाहीत. तहसीलच्या संजय गांधी योजना विभागात आधी हयातीचा दाखला विचारण्यात आला. तो दिलेला होता. मग आधार लिंक करून घ्या, असे सांगण्यात आले. मावशींनी बँकेत जाऊन आधारची झेरॉक्स दिली, अर्जावर अंगठा दिला आणि आठ दिवसांनी चौकशी केली, तेव्हा 'तुमचे आधार तर लिंक आहे' असे उत्तर मिळाले. दरम्यान एका दलालाने 'फाईल पुढे सरकवायला' म्हणून ५०० रुपये घेतले आणि योजना पुन्हा चालू करून देण्याचे २,००० सांगितले.

एप्रिलमध्ये त्या आमच्याकडे आल्या, तोपर्यंत बचत गटाकडून ४,००० रुपये उचलून झाले होते आणि दुकानदाराने उधारीची वही बंद केली होती. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी कागद काढून टेबलावर मांडले: मंजुरीच्या पत्राची चुरगळलेली झेरॉक्स, पासबुक, आधार, शिधापत्रिका आणि पतीच्या मृत्यूचा दाखला. पासबुकाची शेवटची छापील ओळ त्यांनी बोटाने दाखवली. वाचता येत नसले तरी ती कुठे आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आमचा पहिला निर्णय, आणि तो का चुकला

आमच्यासमोर तीन मार्ग होते. पहिला, नव्याने अर्ज करण्याचा. तो आम्ही लगेच बाजूला ठेवला, कारण जुनी मंजुरी रद्द झाल्याचा कोणताही कागद नव्हता आणि नवा अर्ज म्हणजे समितीची बैठक, नवी चौकशी आणि नवे उत्पन्नाचे प्रमाणपत्र. दुसरा, तहसीलदारांकडे लेखी तक्रार करून ती तालुका लोकशाही दिनात मांडण्याचा. तिसरा, पैसे मुळात सुटले आहेत का आणि सुटले असतील तर कुठे गेले, हे आधी शोधण्याचा.

मावशींना तक्रार नको होती. 'कशाला फाईल उघडायलाव दादा, हाय ते बी जाईल,' असे त्या दोनदा म्हणाल्या. ही भीती निराधार नव्हती. या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची महाराष्ट्रातील मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे ७१ दिवस काम केलेली बाई ही मर्यादा ओलांडते, आणि तेव्हाच्या कायद्याने हमी दिलेले १०० दिवस कोणी पूर्ण केले तर तिचे उत्पन्न २९,७०० रुपये होते. शासनाची एक योजना जितके काम देऊ करते तितके केले की दुसऱ्या योजनेतून नाव जाऊ शकते, हा विरोधाभास लाभार्थ्यांना आकडेमोड न करताही कळतो, आणि म्हणूनच फाईल उघडण्याच्या कल्पनेने ते दचकतात. आम्ही त्यांची समजूत काढली, जोखीम लहान असल्याचे सांगितले आणि दुसरा मार्ग धरला. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तक्रार दाखल केली.

तक्रारीचे उत्तर यायला जवळपास पाच आठवडे लागले. उत्तर एका ओळीचे होते: लाभार्थ्यास माहे एप्रिलपर्यंतचे अनुदान वितरित करण्यात आले आहे. पासबुक कोरे असताना हे उत्तर वाचून आम्हाला राग आला. कार्यालय खोटे बोलत आहे, असे आम्ही मावशींसमोर बोलूनही दाखवले. ते बोलणे चुकीचे होते.

कारण एवढ्या काळात बदललेली एक गोष्ट आम्ही लक्षात घेतलीच नव्हती. डिसेंबर २०२४ पासून या योजनेचे अनुदान थेट लाभ हस्तांतरणाच्या, म्हणजे डीबीटीच्या, पोर्टलवरून देण्यास सुरुवात झाली होती. जुन्या पद्धतीत पैसे खाते क्रमांकावर जात. नव्या पद्धतीत ते आधार क्रमांकावर जातात. तो आधार क्रमांक कोणत्या बँकेशी जोडलेला आहे हे एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधली देवघेव चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, नोंदीवरून ठरते, त्या नोंदीत एका वेळी एकच बँक राहते आणि ती सर्वांत शेवटी जोडलेली असते. आपण सर्रास 'आधार लिंक' म्हणतो ते खरे तर दोन वेगळ्या गोष्टींसाठी म्हणतो. ओळख पटवण्यासाठी खात्याला आधार जोडणे ही केवायसी झाली; ती चार बँकांत चार वेळा करता येते. डीबीटीचे पैसे या बँकेत यावेत अशी संमती देऊन एनपीसीआयकडे नोंद करणे हे सीडिंग झाले. मावशींनी मार्चमध्ये बँकेत केली ती केवायसी होती. 'लिंक आहे' हे बँकेचे उत्तर त्या अर्थाने बरोबर होते, 'वितरित केले' हे तहसीलचे उत्तरही बरोबर होते, आणि दोन्ही बरोबर उत्तरांच्या मध्ये मावशींचे पाच महिने गेले होते.

पैसे कुठे आहेत?

सीडिंग कोणत्या बँकेत आहे हे आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते. बँकेचे नाव, ती नोंद चालू आहे की नाही आणि तिची तारीख दिसते. मात्र त्यासाठी ओटीपी लागतो आणि मावशींच्या आधारला मुलाचा जुना, कधीच बंद पडलेला क्रमांक जोडलेला होता. त्यामुळे आधी आधार केंद्रावर ५० रुपये भरून नातेवाइकांतील एका भरवशाच्या मुलीचा क्रमांक जोडावा लागला. तिथे मावशींच्या बोटांचे ठसे उमटेनात. कापसाच्या बोंडांनी आणि खुरप्याच्या मुठीने बोटांची टोके इतकी गुळगुळीत झाली होती की यंत्राच्या काचेवर नुसता ओला डाग दिसत होता. ऑपरेटरने हात धुऊन आणायला सांगितले, पदराने पुसायला सांगितले, मग खोबरेल तेल लावून बघू असेही झाले. शेवटी डोळ्यांच्या स्कॅनवर काम झाले.

क्रमांक जोडला गेल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नोंद उघडली. बँकेच्या नावाच्या जागी सहकारी बँक नव्हती. तिथे एका पेमेंट बँकेचे, म्हणजे ठेवी घेणाऱ्या पण कर्ज न देणाऱ्या बँकेचे, नाव होते आणि तारीख ऑगस्ट २०२४ ची होती.

आम्ही मावशींना एप्रिलमध्येच विचारले होते, 'दुसऱ्या कुठल्या बँकेत खाते आहे का?' त्यांनी नाही म्हटले होते, आणि पुढच्या भेटीतही तेच सांगितले होते. आता ऑगस्टमध्ये काय झाले होते, असे विचारल्यावर बराच वेळ त्या गप्प बसल्या. मग कळले की मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरण्याची धांदल चालू असताना गावात लावलेल्या शिबिरात त्यांनीही अर्ज भरला होता. जिचे आधार बँकेला जोडलेले नाही तिचे खाते तिथल्या तिथे उघडून दिले जात होते. मावशींनीही मशीनवर बोट ठेवले. निराधारच्या लाभार्थी महिलांना त्या योजनेचा लाभ घेता येत नाही हे त्यांना नंतर समजले आणि त्यांचा अर्ज नामंजूर झाला. पुढे अपात्र महिलांची नावे वगळण्याच्या बातम्या कानावर आल्या तेव्हा आपणही काहीतरी गुन्हा केला आहे, अशी त्यांची समजूत झाली, आणि ही गोष्ट त्यांनी सुनेलासुद्धा सांगितली नव्हती.

खात्याविषयी मात्र त्या खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी खाते म्हणजे पासबुक. त्या दिवशी त्यांना पासबुक मिळालेच नव्हते, मिळाले होते ते चौकोनी काळ्या नक्षीचे एक कार्ड. ते त्यांनी पुढच्या बाजाराला आणून दाखवले. तांदळाच्या डब्यात, शिधापत्रिकेच्या जुन्या प्लास्टिक कव्हरात ते जपून ठेवलेले होते.

पैसे हाती येईपर्यंत

आम्ही आधी मिनी स्टेटमेंट काढले. लाडकी बहीणचा हप्ता आलेला नाही ना, हे पाहणे आवश्यक होते. आला असता तर परतफेडीचा वेगळाच प्रश्न उभा राहिला असता. तो आलेला नव्हता. डिसेंबर ते एप्रिल अशा पाच महिन्यांचे ७,५०० रुपये जमा होते. उज्ज्वला गॅसच्या दोन टाक्यांची सबसिडी म्हणून ६०० रुपयेही त्याच खात्यात आले होते, ज्याचा पत्ता आम्हालाही नव्हता. मेअखेरीस २० रुपये कापले गेले होते. ते प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेच्या वार्षिक हप्त्याचे होते, म्हणजे शिबिरातल्या त्या एका अंगठ्यात अपघात विम्याची संमतीही दिली गेली होती. हा विमा मावशींच्या उपयोगाचाच आहे. तरी आपल्याला दोन लाखांचे विमासंरक्षण आहे हे ज्या व्यक्तीला माहीत नाही, तिच्या वारसांनी दावा कसा करायचा हा प्रश्न राहतोच. शिल्लक ८,०८० रुपये होती.

पहिल्या दिवशी बोट तीन वेळा नाकारले गेले. गावातल्या दुकानात मशीनवर पैसे काढायचे तर हजारामागे २० रुपये मागितले जात होते. तिसऱ्या दिवशी डाव्या हाताचे मधले बोट चालले आणि ८,००० रुपये मिळाले. मावशींनी त्यातून आधी दुकानदाराची उधारी दिली, मग बचत गटाचे ३,००० फेडले. आम्हाला क्रम उलटा असावा असे वाटत होते, कारण व्याज गटाचे चालू होते. पण सामान पुन्हा उधार मिळू लागणे ही त्यांची पहिली गरज होती, आणि ते त्यांना आमच्यापेक्षा चांगले समजत होते.

दुसरा निर्णय : सीडिंग कुठे ठेवायचे?

आमचा सल्ला असा होता की सीडिंग आहे तिथेच राहू द्यावे. सीडिंग हलवताना मधला एखादा हप्ता परत जाण्याची शक्यता असते, आणि पेमेंट बँकेतून गावातच पैसे निघतात. मावशींचे म्हणणे वेगळे होते. बोट चालेल की नाही याचा दर महिन्याला जुगार त्यांना नको होता. सहकारी बँकेत स्लिपवर अंगठा उठवला की कॅशियर ओळखीने पैसे देतो, पासबुक छापून मिळते, आणि ती शाखा बाजाराच्या गावीच असल्याने वेगळी खेप पडत नाही. 'तिथं माणूस बसतो,' एवढेच कारण त्यांनी शेवटी सांगितले.

त्यांच्या बाजूचा एक मुद्दा आम्ही नीट मोजलाच नव्हता. पेमेंट बँकेच्या खात्याचे व्यवहार त्यांना दिसण्याचा एकमेव मार्ग दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरचा संदेश हा होता, आणि पैसे आले की नाही हे दर वेळी जिचा क्रमांक जोडला होता त्या मुलीला विचारावे लागले असते. घरातल्या पैशाची बातमी आधी दुसऱ्याला कळणे ही खेड्यात लहान गोष्ट नसते.

म्हणून जुलैमध्ये सहकारी बँकेत सीडिंगचा स्वतंत्र संमती अर्ज दिला. केवायसीचा नव्हे, हे काउंटरवर दोनदा सांगावे लागले. आधीची बँक कोणती आणि ती बदलून येथे नोंद हवी आहे, हे त्यात स्पष्ट लिहिले. पोच घेतली. बारा दिवसांनी संकेतस्थळावर नाव बदललेले दिसले.

निष्पत्ती

सीडिंग हलण्यापूर्वी सुटलेला एक हप्ता पेमेंट बँकेत गेला आणि तो काढायला पुन्हा दोन फेऱ्या झाल्या. त्यानंतरचा हप्ता सहकारी बँकेच्या पासबुकात छापून आला. दलालाचे ५०० रुपये परत मिळाले नाहीत. त्याने पैसे घेतल्याचा कागद नव्हता आणि मावशींना त्याच्याशी वाकडे घ्यायचे नव्हते. बचत गटाची उरलेली रक्कम दोन महिन्यांत फिटली. मावशींना वाटलेली चौकशी मात्र झाली नाही. उत्पन्नाच्या मर्यादेचा प्रश्न आहे तसाच आहे, आणि पुढच्या पडताळणीत तो येईल तेव्हा कोणते उत्तर द्यायचे याची तयारी आम्ही आतापासून करत आहोत.

वेगळे काय करता आले असते

तक्रार आणि शोध यांचा क्रम उलटा हवा होता. अनुदान सुटलेलेच नसेल तर तक्रार उपयोगी पडते. सुटून भलतीकडे जात असेल तर 'वितरित केले' याशिवाय दुसरे उत्तर तहसीलकडे नसते. एप्रिलमध्येच आम्ही आधार केंद्रावर गेलो असतो तर पाच आठवडे वाचले असते. ओटीपीची अडचण पाहून आम्ही तो मार्ग अवघड ठरवला आणि आम्हाला सरावाचा असलेला अर्ज लिहायला बसलो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

प्रश्नही चुकीचा विचारला गेला. 'दुसरे खाते आहे का' याऐवजी आता आम्ही 'गेल्या दोन वर्षांत मशीनवर बोट कुठे कुठे ठेवले' असे विचारतो. या प्रश्नाला शिबिर, सिमकार्ड, रेशन दुकान, बचत गटाचे कर्ज, विमा अशी उत्तरे येतात आणि बहुतेक वेळा हरवलेले खाते त्यातच सापडते. हा प्रश्न आम्ही लाभार्थी एकटी असताना विचारतो, सुनेसमोर किंवा शेजारणीसमोर नाही. मावशींच्या दोन नकारांमागे लाज आणि भीती होती, आणि दोन्ही वेळा खोलीत इतर बाया बसलेल्या होत्या.

शिबिरात खाते उघडणाऱ्याने, तुमचे निराधारचे पैसे इथे येतील, एवढे एक वाक्य सांगितले असते तर हे प्रकरण घडलेच नसते. खाते उघडणे आणि सीडिंग हलवणे या दोन संमती एकाच अंगठ्यात घेतल्या जातात, तोवर अशी प्रकरणे येत राहतील. त्या शिबिरातून खाती उघडलेल्या गावातल्या आणखी नऊ निराधार लाभार्थ्यांची नोंद आम्ही नंतर तपासली. चौघींचे सीडिंग त्यांना माहीत नसलेल्या बँकेत होते. त्यांतल्या एकीने पैसे बंद झाले असे समजून चौकशी करणेच सोडून दिले होते.

तहसील कार्यालयाला आम्ही एक पत्र दिले आहे. अनुदान वितरित झाल्याचे उत्तर देताना ते कोणत्या बँकेत वितरित झाले, तेवढे नाव सोबत लिहावे, एवढीच त्यात विनंती आहे. पत्राला लेखी उत्तर आलेले नाही. संजय गांधी विभागातल्या अव्वल कारकून बाईंनी मात्र चौकशीला येणाऱ्यांच्या रजिस्टरमध्ये पट्टीने एक जादा रकाना आखून घेतला आहे आणि त्याच्या डोक्यावर 'सीडिंग बँक' असे लाल शाईने लिहिले आहे.